नियाज, इफ्तार, सबील : मोफत जेवण वाटणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायदा लागू होतो

मोहरमच्या दिवसांत नगर शहरात कोठला, मंगलगेट, झेंडीगेट या भागांतून चालत गेलात तर कुणी तुम्हाला तहानलेलं राहू देत नाही. पावलापावलावर सबील असते. रमजान आला की मशिदीत इफ्तारचं दस्तरखान मांडलं जातं, दवाखान्यात रुग्णांसोबत थांबलेल्यांसाठी सहरीचे डबे जातात, उरसाला देगी चढतात. भिंगार, श्रीरामपूर, संगमनेर, जामखेड, जिथे जाल तिथे हीच रीत. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण खाऊ घालायची सवय जुनीच आहे आणि ती एका समाजाची नाही. शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो लोक जेवतात, गावोगावी सप्ताहाच्या पंगती उठतात, गुरुद्वारात लंगर चालतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर कोण कुणाच्या हातचं खातोय हे नगरमध्ये कुणी विचारलं नाही.

या सगळ्यात एक वाक्य मात्र प्रत्येक कमिटीत ऐकू येतं. "आपण कुठे विकतोय? सवाबसाठी वाटतोय. मग आपल्याला कसला परवाना?"

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि माहीत होतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून हा लेख. मशीद-दर्ग्याचे ट्रस्टी, मोहल्ला कमिटी, तरुणांचे ग्रुप, बचतगटाच्या भगिनी, जे कुणी लोकांना खाऊ घालतात त्यांनी तो जपून ठेवावा.

कायदा नफा बघत नाही

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाले. या कायद्यात 'अन्न व्यवसाय' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि तिच्यात स्पष्ट लिहिलंय की उपक्रम नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, अन्न तयार करणं, साठवणं, वाहून नेणं आणि वाटणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे 'आम्ही पैसे घेत नाही' या मुद्द्यावर सुटका नाही.

२०११ च्या नियमांत तर आपल्यासारख्यांचा उल्लेखच आहे. छोट्या अन्न व्यावसायिकाच्या व्याख्येत हातगाडीवाला, फेरीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा यांच्या जोडीला धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणारेही धरले आहेत. त्यातून केटरर तेवढा वगळलाय, कारण त्याच्यासाठी नियम वेगळे आहेत. अशा छोट्यांना मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. गणेशोत्सव आला की अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, मंडळांना प्रसादासाठी नोंदणी करा असं आवाहन करतं ते याच नियमाखाली. भंडारा, लंगर, नियाज, इफ्तार सगळ्यांना नियम एकच. आपल्यालाच मुद्दाम विचारतात असा समज काही ठिकाणी आहे, तो बरोबर नाही.

घरात फातेहा झाली, नातेवाईक आणि चार शेजारी जेवले, तर ती घरगुती दावत. तिथे कुणी नोंदणी मागत नाही. पण भोंग्यावरून किंवा व्हॉट्सअॅपवरून सगळ्यांना बोलावलं, वर्गणी गोळा केली, रस्त्यावर मांडव टाकला, तर ते सार्वजनिक वाटप झालं. मधल्या गोष्टींवर वाद घालत बसण्यापेक्षा जी कमिटी वर्षातून दोनचार वेळा देग चढवते तिने नोंदणी करून मोकळं व्हावं, असं माझं मत आहे. खर्च आणि त्रास दोन्ही किती कमी आहेत ते पुढे पाहा.

नोंदणी कशी करायची

अर्ज ऑनलाइन आहे. एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' या पोर्टलवर नोंदणीचा अर्ज भरायचा. अर्जदाराचा फोटो आणि ओळखपत्र लागतं. ट्रस्ट किंवा संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि अर्ज करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव जवळ ठेवावा. २०११ च्या नियमांत नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. अर्ज भरताना पोर्टल जी रक्कम दाखवेल तीच खरी धरायची. अर्ज भरून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारे एजंट शहरात कमी नाहीत. सायबर कॅफेवाल्याला त्याच्या कामाचे पैसे द्यावेत, पण 'साहेबांचे' म्हणून वेगळे देऊ नयेत.

वेळेचं गणित नियमातच आहे. अर्ज आल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, किंवा कारण लिहून नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी ठरली तर ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. म्हणून उरसाच्या चार दिवस आधी धावपळ करू नका. महिना-सव्वा महिना आधी अर्ज टाका. पावती जपून ठेवा.

नोंदणी झाली की १४ आकडी नंबर मिळतो. पहिला आकडा २ असेल तर ती नोंदणी, १ असेल तर परवाना. त्यापुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. हे माहीत असलं की केटररने दाखवलेला कागद खरा की नुसता शोभेचा, याचा पहिला अंदाज तिथल्या तिथे येतो. पक्की खात्री पोर्टलवर नंबर टाकून करता येते.

केटररचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्वयंपाक बाहेरच्या बावर्चीला किंवा केटररला दिला की जबाबदारी संपली असं कमिट्या समजतात. तसं होत नाही. केटररकडे त्याची स्वतःची नोंदणी किंवा परवाना हवा, हे बघणं तुमचं काम. त्याच्या नंबरची प्रत घ्या, किती माणसांचं जेवण, किती वाजता पोहोचवायचं हे चार ओळींत लिहून त्याची सही घ्या. ओळखीचा आहे, वर्षानुवर्षं करतोय, तरी घ्या. ओळखीच्या माणसाकडूनच घ्यायला आपल्याला जड जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

इतर जिल्ह्यांत काय झालं

६ फेब्रुवारी २०२४. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रम होता. आसपासच्या गावांतल्या लोकांनी संध्याकाळी महाप्रसाद घेतला. पहाटेपासून उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली. बातम्यांत आकडा आला तो सुमारे २,००० जणांचा.

त्याच महिन्यात, दोन आठवड्यांनी, बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताह चालू होता. एकादशीचा दिवस, प्रसादाला भगर आणि आमटी. रात्रीत शेकडो माणसं आजारी पडली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसांना बाहेर जमिनीवर झोपवून उपचार केले. ते फोटो अनेकांनी पाहिले असतील. मुंबई हायकोर्टाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

दोन्ही ठिकाणी बनवणारे गावातलेच होते, श्रद्धेने बनवत होते आणि स्वतःही तेच जेवले असणार. हे इथे सांगायचं कारण असं की विषबाधा म्हटलं की आपल्याला कुणीतरी काहीतरी मिसळलं असं वाटतं. बहुतेक वेळा कुणी काही मिसळलेलं नसतं. अन्न जास्त वेळ तसंच राहिलेलं असतं, किंवा कच्चा माल दमट जागी पडून बुरशी लागलेला असतो. भगरीबद्दल एफडीए अनेकदा सूचना काढतं ती यासाठीच. दमट हवेत तिच्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्यं तयार होतात. भगर आपल्याकडे इफ्तारला नसते, पण मागच्या वर्षीच्या देगीतून उरलेला तांदूळ, डाळ आणि बेसन मशिदीच्या कोठीत पडून असतंच की.

देग : खरा प्रश्न इथे आहे

नोंदणीचा कागद भिंतीवर लावला म्हणून बिर्याणी सुरक्षित होत नाही. सगळ्या नियमांतून एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : शिजवल्यापासून खाईपर्यंत किती तास गेले आणि तेवढा वेळ अन्न किती गरम होतं?

जंतू वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये. नियम सांगतो की गरम वाढायचं अन्न ६० अंशांच्या वर ठेवा, थंड ठेवायचं ते ५ अंशांवर किंवा त्याखाली. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की धोका सुरू. नगरच्या एप्रिल-मेमध्ये मांडवाखाली चाळीस अंश असतं, म्हणजे जंतूंना हवी तशी उबदार हवा आपणच देतो. मोहरम दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो. २०२५ मध्ये आशूरा जुलैत होती, २०२८ मध्ये मोहरम मेअखेरीस सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षं सबील आणि खिचडा दोन्ही भर उन्हात येणार आहेत.

आता देगीचं बघा. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे 'रात्रीची बिर्याणी सकाळी चांगली तापवली, आता काही होत नाही' हा समज चुकीचा आहे. उलट्या अर्ध्या तासापासून सहा तासांत सुरू होतात.

मटणाच्या मोठ्या देगीत दुसराच पाहुणा असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याला हवा नको असते. घट्ट, खोल, हळूहळू थंड होणारी देग म्हणजे त्याच्यासाठी घरच. खिचडा आणि हलीम यात सर्वांत पुढे, कारण ते इतके दाट असतात की वरचा थर गार झाला तरी मध्ये तासन्‌तास कोमटच राहतं. आशूराच्या आदल्या रात्री घोटून तयार केलेला खिचडा दुसऱ्या दिवशी दुपारी वाटायचा असेल तर मध्ये विस्तव विझवून चालणार नाही. मंद आचेवर ठेवा, अधूनमधून तळापासून ढवळा. प्रोब थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो मध्यभागी खुपसा, ६० च्या वर आकडा दिसला पाहिजे. बावर्ची हसतील. हसू द्या. लाखाची देग चढवणाऱ्या कमिटीला एवढी वस्तू जड नाही.

बिर्याणीला दम लागल्यावर शक्यतो दोन तासांत वाढून संपेल असा वेळ धरा. जुम्माच्या नमाजनंतर वाटायची असेल तर सकाळी आठला दम देऊन ठेवू नका. देग दहा वेळा उघडू नका. एका पातेल्यात थोडी-थोडी काढून वाढा, बाकीची झाकलेली राहू द्या.

मॅरिनेट केलेलं मटण-चिकन रात्रभर मांडवात टोपाखाली ठेवायची पद्धत आहे. ती सोडा. फ्रिज नसेल तर बर्फाच्या पेटीत ठेवा, नाहीतर पहाटे आणून लगेच करा. कच्चं चिकन धुतलेल्या जागीच कोशिंबीर चिरली जाते हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. दोन पाट, दोन सुऱ्या, दोन वेगळी माणसं, एवढं केलं तरी पुष्कळ. मटण परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती मागा. हलाल आहे का हे आपण हटकून विचारतो, कधी कापलं आणि कुठे ठेवलं होतं हे क्वचितच. हलालसोबत तय्यब हा शब्दही आपल्याला शिकवलेला आहे.

देग तांब्याची असेल तर कल्हई बघा. कल्हई उडालेल्या तांब्यात दही, टोमॅटो, चिंच पडलं की तांबं विरघळतं आणि खाणाऱ्याला तासाभरात मळमळ, उलटी होते. कल्हईवाले आता कमी राहिलेत, त्यामुळे ऐनवेळी मिळत नाहीत. आधी करून घ्या.

रंगाबद्दल एक. जर्दा आणि बिर्याणीत टाकायला किराण्यातून सुटा पिवळा रंग आणला जातो. त्यात मेटॅनिल यलो असू शकतो. तो कापडाचा रंग, अन्नात बंदी असलेला. हळद आहे, केशर परवडत नसेल तर पिवळा भात नाही झाला तरी चालेल.

आणि स्वयंपाकाच्या जागी गुटखा-तंबाखू नको. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर असलेली बंदी याच अन्नसुरक्षा कायद्याखाली आलेली आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ज्याला जुलाब, ताप, हातावर पिकलेली जखम आहे त्याने त्या दिवशी खुर्च्या मांडाव्यात, पार्किंग बघावं. जखमेतला स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात उतरला तर त्याचंही विष तापवून जात नाही.

सहरीचे डबे

इफ्तारपेक्षा मला सहरीची जास्त काळजी वाटते. इफ्तारचं अन्न समोर शिजतं आणि समोर संपतं. फळं मात्र अस्र नंतरच चिरायला घ्यावीत, दुपारी नकोत. सहरीचं तसं नाही. तरावीहनंतर अकरा वाजता शिजवलं, बाराला गरम-गरमच डब्यात भरून झाकण लावलं, दीडला दवाखान्यात किंवा विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर पोहोचवलं, आणि खाणारा साडेचारला उठून खातो. साडेपाच तास झाले. खाणारा कोण, तर आजाऱ्याजवळ जागून दमलेला माणूस किंवा घरापासून लांब राहणारं पोर. पुढचा सगळा दिवस त्याला पाणीही प्यायचं नाही.

यावर उपाय दोनच. एक तर रात्री दोनच्या पुढे शिजवून थेट सहरीच्या वेळेला पोहोचवायचं, त्यासाठी टीमला जागावं लागेल. नाहीतर भात-सालन सोडून न बिघडणारं द्यायचं : खजूर, केळी, पाव, भाजलेले चणे, सीलबंद दूध. दुसरा पर्याय कमी थाटाचा दिसतो, पण सुरक्षित आहे. काहीही दिलं तरी डब्यावर पेनने दोन वेळा लिहा. कधी शिजवलं आणि कधीपर्यंत खायचं.

डबा आणि पुडीचंही बघा. वर्तमानपत्रात भजी, समोसे बांधून देणं नियमाने बंद आहे, छपाईची शाई तेलात उतरते. थर्मोकोलच्या ताटल्या, वाट्या महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंद आहेत. पत्रावळी, स्टील किंवा जाड कागदी ताट वापरा.

सबील : पाणी, दूध आणि बर्फ

सबीलीत सगळ्यात धोक्याचा असतो बर्फ. खाण्याचा बर्फ वेगळा आणि मासे, सामान थंड ठेवायचा वेगळा. दुसरा कुठल्या पाण्याचा असतो याची खात्री नाही. महाराष्ट्र एफडीएने १ जून २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकणं सक्तीचं केलं, म्हणजे लांबून ओळखता यावा. निळसर बर्फ दिसला तर घेऊ नका. पांढरा दिसला तरी विक्रेत्याकडून खाण्याच्या बर्फाची पावती मागा, कारण रंग न टाकणारेही आहेत. पोत्यात गुंडाळून, रस्त्यावर आपटून फोडलेला बर्फ थेट शरबतात टाकू नका. शरबताचं पातेलं बाहेरून बर्फात ठेवलं तरी गार होतं.

टँकरचं पाणी असेल तर ते पिण्याचं आहे का विचारा आणि क्लोरीन टाकून घ्या. दुधाचं शरबत शक्यतो कमी करा. रूहअफ्झा पाण्यातही चांगलं लागतं, आणि बिघडायला दुधाइतकं घाई करत नाही. ग्लास एकाच बादलीत बुचकळून पुढच्याला देणं बंद झालं पाहिजे. टाकीला नळ लावा, वरून हात घालून ग्लास भरू देऊ नका.

लग्नातलं उरलेलं अन्न

वलीमा संपला, दोन देगी उरल्या, रात्री साडेअकराला कुणीतरी ग्रुपवर टाकतो की गाडी पाठवा, झोपडपट्टीत वाटू. हेतू चांगला. पण हे अन्न शिजून सहा तास झालेले असतात आणि ते ज्यांच्याकडे जातं त्यांच्याकडे फ्रिज नसतो, दवाखान्याला पैसे नसतात.

उरलेल्या अन्नासाठी वेगळे नियम २०१९ मध्ये आले, १ जुलै २०२० पासून लागू आहेत. असं अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला नोंदणी किंवा परवाना लागतो. अन्न गरम असेल तर ६० अंशांच्या वर आणि थंड असेल तर ५ अंशांच्या आत ठेवून न्यायचं, पदार्थाचं नाव, कधी केला, शाकाहारी की मांसाहारी हे लिहायचं, हिशोब ठेवायचा. नगरमध्ये असं काम करणारे तरुण आहेत, त्यांनी मंगल कार्यालयवाल्यांशी आधीच बोलून ठेवावं : ताटात वाढलेलं किंवा मांडवात उघडं राहिलेलं घेणार नाही. न उघडलेली, गरम देगच घेऊ, आणि तीही दहाच्या आत. नाही म्हणताना वाईट वाटतं. तबर्रुक असेल तर जास्तच वाटतं. त्यावर उपाय म्हणजे एक देग कमी चढवणं.

काही अन्न गार करून ठेवायचंच असेल तर देगीसकट ठेवू नका, मध्यभाग गार व्हायला रात्र जाईल. उथळ ताटांत, परातींत पसरून ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. एवढं साधत नसेल तर ठेवू नका.

काही झालंच तर

पहिलं काम माणसं दवाखान्यात पोहोचवणं. ओआरएस सुरू करा. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आधी. डॉक्टरांपासून 'कुठे जेवला' हे लपवू नका. बदनामी होईल म्हणून पेशंटला वेगवेगळ्या दवाखान्यांत पांगवण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यात एकत्र साथ उशिरा कळते आणि माणसं जास्त आजारी पडतात. वाटप ताबडतोब थांबवा, तशी घोषणा करा, घरी नेलेलं खाऊ नका म्हणून सांगा. उरलेलं अन्न फेकू नका, देगी धुऊ नका.

मग अन्नसुरक्षा अधिकारी येतील. नमुना घेताना त्याचे चार भाग करतात. एक भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवा असं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरा. पंचनाम्याची प्रत मागा. आपणही दर देगीतून पाव किलो अन्न स्वच्छ, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ४८ तास ठेवायची सवय लावावी.

शिक्षेबद्दल उगाच घाबरवायचं नाही, पण माहीत असावं. अन्न असुरक्षित असल्याबद्दलचं कलम ५९ विकणाऱ्यापुरतं नाही, त्यात 'वाटणारा' हा शब्द आहे. खाणाऱ्याला किरकोळ इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड, गंभीर इजेला सहा वर्षं आणि ५ लाख, मृत्यू झाला तर किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत, आणि किमान १० लाख दंड. कलम ६५ खाली नुकसानभरपाई वेगळी, मृत्यू असेल तर किमान ५ लाख. अस्वच्छ जागी अन्न बनवलं एवढ्यावरच कलम ५६ खाली १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि कलम ६६ मध्ये कंपनी या शब्दात व्यक्तींचा समूहही येतो. त्यामुळे मंडळाची कागदोपत्री नोंदणी नाही, मग पकडणार कुणाला, हा हिशोब चालत नाही. कारभार पाहणारे जबाबदार धरले जातात.

याच कायद्यात कलम ८० आहे. आपण शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती हे दाखवता आलं तर तो बचाव मान्य होतो. दाखवायचं कशावर? तोंडी शपथेवर नाही. तांदूळ, तेल, मटण, बर्फाच्या पावत्या, केटररचा नंबर, कोणी शिजवलं त्यांची नावं, देग किती वाजता उतरली, वाढायला किती वाजता सुरुवात झाली, तापमान किती होतं. एक शंभर पानी वही पुरते. कमिटीत ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याला हे काम द्या.

ज्या संस्था महिन्याला किमान ५,००० लोकांना मोफत जेवण देतात त्यांच्यासाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २०१८ मध्ये सेवा भोज योजना आणली होती. तूप, तेल, साखर, तांदूळ, पीठ, डाळ यांवरच्या जीएसटीतला केंद्राचा वाटा परत मिळावा अशी ती होती, आणि तिच्या यादीत मंदिर, गुरुद्वारासोबत मशीद आणि दर्गाही होते. मोठ्या दर्ग्यांच्या ट्रस्टींनी तिची सध्याची स्थिती विचारून घ्यायला हरकत नाही. तिथेही हिशोबाच्या वह्याच मागतात.

नोंदणी किंवा तपासणीबद्दल काही विचारायचं असेल तर अहिल्यानगरमध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्त (अन्न) यांचं कार्यालय आहे. महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५, एफएसएसएआयचा १८००११२१००. रस्त्यावर मांडव टाकायचा असेल तर महापालिका आणि पोलिसांची परवानगी वेगळी लागते. आणि देगीखाली घरगुती लाल सिलिंडर लावू नका, व्यावसायिक १९ किलोचा घ्या.